पत्रकं पुन्हा छापावीत का?

प्रश्न: माझं कपडे अल्टर करून देण्याचं छोटं दुकान आहे. चेन बदलणं, पँटची उंची कमी करणं, फिटिंग, रफू अशी सगळी कामं मी एकटीच करते. मागे दोन हजार पत्रकं छापली होती. निम्मी वर्तमानपत्रांत घालून वाटली, निम्मी चौकात उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हातात दिली. पाच-सहा फोन आले असतील, त्यातली किती कामं झाली ते आठवत नाही. संध्याकाळी त्याच चौकातून घरी जाताना माझीच पत्रकं पायदळी पडलेली दिसली आणि फार वाईट वाटलं. आता भाचा म्हणतो, कागदाचे दिवस गेले, सगळं मोबाइलवर कर. छापखानेवाले म्हणतात, पाच हजार घेतलीत तर दर निम्म्यावर येईल. जाहिरातीसाठी माझ्याकडे थोडेच पैसे बाजूला आहेत. पत्रकांचा खरंच उपयोग होतो का, की हा पैसा पाण्यात जातो?

उत्तर:

ताई,

आधी उत्तर देते, कारणं मागाहून. पत्रकांचा उपयोग होतो, आणि जवळपासच्या गिऱ्हाइकावर चालणाऱ्या तुमच्यासारख्या धंद्याला तो जास्तच होतो. पण पाच हजार छापू नका. दोन हजारही नकोत. तीनशे-चारशे छापा आणि ज्यांच्याकडे त्या घडीला लांब होणारी पँट किंवा तुटलेली चेन आहे, अशांच्या हातात ती पडतील एवढं बघा. भाच्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, त्याच्याकडे येतेच.

चौकात जे दिसलं ते मनाला लावून घेऊ नका. पत्रक टाकून देणाऱ्यांनी तुमचं काम नाकारलेलं नाही, त्यांनी ते पाहिलेलंच नाही. चौकातून जाणारा माणूस घाईत असतो. समोर आलेला कागद तो बहुधा संकोचापोटी घेतो. शिवाय तो राहतो कुठे, हे तुम्हाला ठाऊक नाही. पँटची उंची कमी करायला कुणी शहराच्या दुसऱ्या टोकाहून येत नाही. दुकानापासून पायी दहा-पंधरा मिनिटांवर राहणारे, किंवा रोज तिथूनच कामाला जाणारे, हीच तुमची गिऱ्हाइकं. चौकातल्या गर्दीत अशी माणसं किती? आणि त्यांतल्या कितींच्या कपाटात त्याच आठवड्यात दुरुस्तीला आलेला कपडा असेल? दोन्ही उत्तरं लहान आहेत आणि त्यांचा गुणाकार आणखी लहान. म्हणजे चौकातली बहुतेक पत्रकं हातात पडण्याआधीच वाया गेली होती. मजकूर कितीही चांगला असता तरी फारसा फरक पडला नसता. वर्तमानपत्रात घातलेल्यांचं थोडं बरं असतं, ती निदान घरात पोचतात आणि भाग निवडता येतो. पण त्याच अंकात आणखी चार पत्रकं असली की सगळी एकदमच बाजूला पडतात.

आता उलट बाजूने बघा. माणसाला अल्टरेशनची आठवण नेमकी कधी होते? तयार कपड्यांच्या दुकानात, ट्रायल रूममधून बाहेर येऊन तो म्हणतो, "कमरेला बसते, पण लांब होते." तेव्हा. जी दुकानं स्वतः अल्टरेशन करून देत नाहीत त्यांच्या कानावर हे वाक्य सारखं पडत असणार, आणि कित्येकदा विक्री तिथेच मोडत असणार. अशा दुकानाच्या काउंटरवर तुमची पन्नास पत्रकं असली तर त्यात दुकानदाराचाही फायदा आहे. ड्रायक्लीनिंगवाले कपडा घेताना तपासून घेतात, तेव्हा उसवलेली शिवण आणि निघालेलं बटण त्यांना गिऱ्हाइकाच्या आधी दिसतं. जिममध्ये वजन उतरलेल्या माणसांचे जुने कपडे सैल व्हायला लागलेले असतात. नृत्याच्या वर्गांना कार्यक्रमाआधी पोशाख अंगाबरोबर करून हवे असतात. या चार जागा मी पाच मिनिटांत सांगितल्या. तुम्ही तुमच्या भागातून एक फेरी मारलीत तर याहून चांगल्या सापडतील, कारण कोणत्या दुकानात काय होतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त ठाऊक आहे.

तिथे पत्रकं ठेवू देता का, एवढंच विचारू नका. काहीतरी देऊ करा. "तुमच्याकडून आलेल्या माणसाचं काम दोन दिवसांत करून देईन" हा शब्द दुकानदाराला कमिशनपेक्षाही उपयोगी पडेल, कारण विक्री अडली असताना तो लगेच पुढे करता येतो. मात्र शब्द पाळता येईल तेवढीच पत्रकं तिथे ठेवा. तुम्ही एकट्या आहात. एका आठवड्यात चाळीस कपडे आले आणि निम्मे उशिरा दिले गेले, तर पत्रकाने जोडलेली माणसं तुटतील आणि जुनीही नाराज होतील. थोडी थोडी पत्रकं, थोड्या थोड्या दिवसांनी, हेच तुमच्या हातांना झेपणारं आहे.

आणि सगळ्यांत चांगली जागा तुमच्या दुकानातच आहे: काम करून परत दिलेल्या प्रत्येक कपड्याची पिशवी. तिच्यात दोन पत्रकं घाला, एक त्यांच्यासाठी आणि एक शेजाऱ्याला द्यायला. ज्याने तुमची शिवण हातात धरून पाहिली आहे तो माणूस दुसऱ्याला कागद देतो, तेव्हा त्या कागदाबरोबर त्याचा शब्दही जातो. चौकात दिलेल्या पत्रकाबरोबर असं काहीच जात नाही.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं: "त्यातली किती कामं झाली ते आठवत नाही." पैसे गेले हे आहेच, पण त्यातून काही कळलंही नाही, हे नुकसान मला त्याहून मोठं वाटतं. पाच-सहा फोन कमी की पुष्कळ, हे त्या आकड्याकडे बघून सांगता येत नाही. त्याच्या शेजारी दुसरा एक आकडा लागतो.

तो असा काढायचा. पत्रकांचा सगळा खर्च एकत्र मांडा: मांडणी करून देणाऱ्याचे पैसे, छपाई, वाटपाची मजुरी, पत्रक आणणाऱ्याला सवलत देणार असाल तर तीही. मग एका सरासरी कामातून सामान वजा जाता तुमच्या हातात किती उरतं ते काढा आणि पहिल्या रकमेला त्या रकमेने भागा. समजा, हजार पत्रकांचा खर्च आठ कामांतून सुटणाऱ्या पैशांएवढा आला. मग हजारामागे आठ कामं आली की खर्च भरून निघाला, नवव्यापासून फायदा. म्हणजे शेकडा ०.८. या हिशोबाने दोन हजारांवर सोळा कामं यायला हवी होती, आणि पाच-सहा फोनांत ती झाली नसणार. तुमचा खरा भागाकार वेगळा येईल, तो करून बघा. संगीत शिकवणाऱ्याला वर्षभर टिकणारा एकच विद्यार्थी मिळाला तरी हजार पत्रकं वसूल होऊ शकतात. एका बटणाच्या कामावर ती होणार नाहीत. म्हणूनच "पत्रकांना अमुक टक्के प्रतिसाद येतो" असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर त्यावर विसंबू नका. तुमचा टक्का तुमच्या वहीतूनच निघेल.

तुमच्याकडे माणसं परत येत असतील, ही मोठी जमेची बाजू आहे. वर्षात चार कामं देणारं गिऱ्हाईक मिळालं तर वरच्या उदाहरणात आठांऐवजी दोनच पुरतात. पण हे मनाने धरू नका. जुन्या वह्या काढा, गेल्या वर्षी पहिल्यांदा आलेल्यांपैकी किती जण खरोखर परत आले ते मोजा आणि तोच आकडा वापरा.

आता मोजायचं कसं? "आमच्याबद्दल कुठून कळलं?" हे प्रत्येकाला विचाराच, पण त्यावर सगळा भार टाकू नका. लोकांना आठवत नाही, मग ते काहीतरी सांगून मोकळे होतात. कागदच परत यावा अशी सोय करणं अधिक पक्कं. अमेरिकेत १८८०च्या दशकाच्या अखेरीस कोका-कोलाने पेयाचा एक ग्लास फुकट देणारी कूपनं वाटायला सुरुवात केली. लोक पेय चाखायला आले हा एक फायदा झाला. मला त्यातला दुसरा जास्त मोलाचा वाटतो: परत आलेला कागद मोजता येतो. तुम्ही पत्रकावर "हे सोबत आणल्यास एक बटण मोफत लावून मिळेल" असं लिहू शकता. त्यात तुमचा वेळ थोडा जातो, सामान जवळजवळ काहीच लागत नाही, आणि पैशांतल्या सवलतीने होतो तसा कामाचा भाव उतरत नाही. पत्रकाच्या मागे कोपऱ्यात पेनाने एक अक्षर लिहा: कपड्यांच्या दुकानात ठेवलेल्यांवर क, ड्रायक्लीनिंगवाल्यांकडे ड, जिममध्ये ज, पिशवीतल्यांवर प, दारोदार दिलेल्यांवर द. परत आलेली पत्रकं एका डब्यात टाका आणि महिनाअखेरीला मोजा. याला कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही.

थोडा धीर असेल तर आणखी एक करून बघा. दारोदार पत्रकं देणार असाल तर एकमेकींसारख्या दोन गल्ल्या निवडा. एकीत द्या, दुसरीत मुद्दाम देऊ नका. पुढचे सहा आठवडे प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाची गल्ली लिहून ठेवा. काही लोक पत्रक नसतं तरी आलेच असते आणि काही पत्रक वाचून आले तरी कागद घरीच विसरले. हे दोन्ही फक्त अशा तुलनेतूनच दिसतं.

थोड्या पत्रकांवरून घाईने निकाल मात्र लावू नका. संख्याशास्त्रात एक सोपा नियम आहे. एखादी गोष्ट करून बघितली आणि एकदाही यश आलं नाही, तर तीनला प्रयत्नांच्या संख्येने भागायचं. खरं प्रमाण त्याहून जास्त नसेल असं सुमारे ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. ३०० पत्रकं वाटून एकही माणूस आला नाही, तर खरा प्रतिसाद शेकडा १ पर्यंत असू शकतो. तुम्हाला ०.८ पुरत असेल, तर एवढ्यावरून "पत्रकं चालत नाहीत" असं म्हणता येणार नाही. १,००० वाटून शून्य आलं तर मात्र वरची मर्यादा ०.३ टक्क्यांवर येते आणि मग थांबलेलं बरं. तसंच, सरासरी पाच माणसं येण्यासारखं वाटप असेल तर एका खेपेला दोन येतील आणि दुसऱ्या खेपेला नऊ, आणि दोन्ही वेळा केवळ योगायोग असू शकतो. नऊ आले म्हणून हुरळून पाच हजारांची ऑर्डर देऊ नका, दोन आले म्हणून खचू नका.

एकाच माणसापर्यंत पुन्हा पोचण्याचंही महत्त्व आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये असे प्रयोग प्रसिद्ध केले की ज्यांत लोकांना निरर्थक शब्द, चिनीसारखी दिसणारी चिन्हं आणि अनोळखी चेहऱ्यांची छायाचित्रं कमी-जास्त वेळा दाखवली होती. जी जास्त वेळा दिसली ती लोकांना जास्त चांगली वाटली. आवडणं आणि पैसे देऊन काम करून घेणं यांत अंतर आहे, तेव्हा यातून फार मोठा निष्कर्ष काढू नका. पण नाव ओळखीचं वाटणं ही अनोळखी माणसाच्या हाती आपला आवडता कोट सोपवण्याआधीची पायरी आहे. म्हणून बाराशे घरांना एकदा देण्यापेक्षा जवळच्या चारशे घरांना महिन्या-दीड महिन्याच्या अंतराने तीनदा देणं मी पसंत करेन. नाव, रंग आणि मांडणी तिन्ही वेळा तीच ठेवा. फक्त वरची ओळ बदला.

मजकुराबद्दल सांगताना मला विल्यम कॅक्स्टनची आठवण येते. इंग्लंडमध्ये पहिला छापखाना काढणारा हा माणूस. १४७७च्या सुमारास त्याने धर्मगुरूंना लागणाऱ्या एका पुस्तकाची जाहिरात करणारं छोटं पत्रक छापलं. इंग्रजीतली सर्वांत जुनी छापील जाहिरात म्हणून ते ओळखलं जातं. त्याच्या दोनच प्रती उरल्या आहेत, एक ऑक्सफर्डला आणि एक मँचेस्टरला. आकार साधारण १५ बाय ८ सेंटिमीटर. मजकूर थोडक्यात असा: ज्यांना हे पुस्तक हवं असेल त्यांनी वेस्टमिन्स्टरला अमुक पाटीच्या जागी यावं, पुस्तक नीट तपासून शुद्ध केलेलं आहे, स्वस्तात मिळेल, आणि ते याच पत्रकाच्या टाइपात छापलेलं आहे. खाली लॅटिनमध्ये विनंती: कृपया हा कागद इथेच राहू द्यावा.

साडेपाचशे वर्षांपूर्वीच्या या कागदात काय घ्यायचं आणि कुठून घ्यायचं, हे सगळं आलं. आपली स्थापना, ध्येय, "सर्व प्रकारची कामे खात्रीपूर्वक" असलं काही कॅक्स्टनने घातलं नाही. आणि "याच टाइपात" ही ओळ तर मला फारच आवडते, कारण त्यामुळे पत्रक स्वतःच मालाचा नमुना झालं. वाचणाऱ्याला छपाई कशी असेल याची कल्पना करावी लागली नाही, ती त्याच्या हातातच होती.

तुम्हालाही हे करता येईल, आणि यासाठीच मी थोडी पत्रकं छापा म्हणते आहे. जाड कागदावरच्या पत्रकाला कोपऱ्यात एक जादा बटण टाका मारून लावून द्या, किंवा कडेने रंगीत दोऱ्याची एक सरळ शिलाई मारा. कागद शिवताना टाका लांब ठेवा, जवळजवळ टाके पडले की कागद त्या रेषेवर फाटतो. सुई वेगळी ठेवा, कागदाने ती बोथट होते आणि मग कपड्याला चालत नाही. पाच हजारांना हे जमणार नाही. शंभरांना दोन संध्याकाळी पुरतील. बटण लावलेला कागद कुणी सहज टाकून देणार नाही, आणि ज्या दिवशी बटण तुटेल त्या दिवशी तो हाताशी असेल.

बाकी मजकूर मोजका. वर मोठ्या अक्षरांत "अल्टरेशन" किंवा त्याहून चांगलं, गिऱ्हाइकाच्या तोंडचं वाक्य: "पँट लांब होते?" खाली तीन-चार कामं आणि ती किती दिवसांत मिळतील. शक्य असेल तर एका-दोन कामांचा दरही द्या. दर माहीत नसला की लोक विचारायलाच कचरतात. पत्त्यात सगळ्यांना माहीत असलेली जवळची खूण, वेळ, सुट्टीचा वार, फोन नंबर. नंबर चष्म्याशिवाय वाचता येईल एवढा मोठा. दुसऱ्या बाजूला पूर्ण कोरी जागा ठेवलीत तरी चालेल, किंवा मापं लिहून आणायला चार ओळी छापा.

आकार ए-६ घ्या, १०५ बाय १४८ मिलिमीटर. ए-४ च्या एका कागदातून बरोबर चार निघतात, काहीच वाया जात नाही. कागद १३० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला १३० ग्रॅम वजनाचा) पुरे. टाका मारायचा असेल तर त्याहून जाड. ग्लॉसी नको, त्यावर साधं पेन नीट उठत नाही. रंगांबद्दल छापखान्यात आधीच बोला: मोबाइलच्या पडद्यावर रंग प्रकाशाने तयार होतो आणि कागदावर शाईने, म्हणून पडद्यावरचा झगझगीत हिरवा किंवा निळा छापल्यावर मंद दिसतो. रंग कडेपर्यंत न्यायचा असेल तर चारही बाजूंना ३ मिलिमीटर जादा सोडायला सांगा. आणि प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, हातात आलं की त्यावरचा नंबर पत्रकावर बघूनच दुसऱ्या फोनवरून लावा. तुमचा फोन वाजल्याशिवाय छपाईला होकार देऊ नका.

भाचा क्यूआर कोड टाकायला सांगेल. टाका. जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने तो १९९४ मध्ये गाड्यांच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी काढला होता, आता तो सगळ्यांच्या सवयीचा झाला आहे. निदान २ सेंटिमीटर मोठा ठेवा, भोवती पांढरी जागा सोडा आणि छापील प्रतीवर दोन-तीन वेगवेगळ्या मोबाइलने तपासा. कोड फुकट बनवून देणाऱ्या काही सेवांमध्ये तो आधी त्यांच्या पत्त्यावर जातो आणि तिथून तुमच्याकडे. फुकटची मुदत किंवा वर्गणी संपली की छापलेला कोड निकामी. म्हणून सरळ तुमच्या व्हॉट्सॲपवर किंवा नकाशावरच्या नोंदीवर जाणारा कोड करून घ्या. फोन नंबर मात्र कोडच्या भरवशावर काढून टाकू नका.

आता भाच्याचं अर्धं बरोबर म्हणणं. ज्याला आज चेन बदलायची आहे तो मोबाइलवर शोधणार, आणि तिथे तुम्ही दिसायलाच हव्यात. गूगलवर दुकानाची नोंद, म्हणजे बिझनेस प्रोफाइल, मोफत करता येते. वेळ, फोन, दुकानाचा दर्शनी फोटो, कामाचे आधीचे आणि नंतरचे फोटो एवढं घाला. जुन्या गिऱ्हाइकांना दोन ओळी लिहायची विनंती करा. हे काम पत्रकांच्या आधी करा, कारण पत्रक वाचलेला माणूससुद्धा निघण्यापूर्वी एकदा नाव शोधून बघतो, आणि तिथे जुना पत्ता किंवा चुकीची वेळ दिसली तर तो येत नाही. एवढं करायला भाच्याला बसवा. रोज व्हिडिओ टाकण्याचा आग्रह मात्र तुम्ही मानू नये असं मला वाटतं. दूरवरच्या हजार लोकांनी व्हिडिओ आवडल्याची खूण केली तरी त्यांची पँट तुमच्याकडे येणार नाही, आणि तो वेळ मशीनवर बसण्याचा आहे. ज्याला आत्ता गरज आहे तो शोधेल. ज्याला पुढच्या महिन्यात गरज पडणार आहे, त्याला तुम्ही जवळच आहात हे आज पत्रकाने कळेल. तुम्हाला दोन्ही हवेत.

वाटपाआधी तुमच्याकडच्या नियमांची चौकशी करा. ते जागोजागी वेगळे असतात. अमेरिकेत टपाल खर्च न भरता घराच्या टपालपेटीत पत्रक टाकणं कायद्याने मना आहे. ॲम्स्टरडॅममध्ये २०१८ पासून ज्या दारावर "चालेल" असं स्टिकर आहे तिथेच कुणाचं नाव-पत्ता न लिहिलेली जाहिरातपत्रकं टाकता येतात. सार्वजनिक भिंती, विजेचे खांब, झाडं यांवर चिकटवू नका. "जाहिराती टाकू नयेत" अशी पाटी दिसली तर तो दरवाजा सोडा. असा माणूस पत्रक पाहून आला नसताच, उलट नाव लक्षात ठेवून चिडला असता. आणि दारोदार वाटप करायचंच असेल तर पहिली शंभर तुम्ही स्वतः द्या. मजुरीवर घेतलेल्या माणसाने गठ्ठा कुठे दिला हे कळत नाही, आणि दारात आलेली बाई स्वतःच कपडे शिवणारी आहे हे कळलं की लोक दोन प्रश्न विचारतात. त्या प्रश्नांतून पुढच्या पत्रकाची वरची ओळ मिळेल.

छापखानेवाल्यांनी तुम्हाला फसवलेलं नाही. ऑफसेट छपाईत प्लेट बनवण्याचा आणि मशीन लावण्याचा खर्च पाचशेंना आणि पाच हजारांना जवळपास सारखाच येतो, म्हणून संख्या वाढली की नगाचा दर उतरतो. पण तुम्हाला नगाचा दर भरायचा नाही, बिल भरायचं आहे. दर निम्मा आणि संख्या अडीचपट म्हणजे बिल मागच्या वेळेपेक्षा सव्वापट, आणि घरात असा गठ्ठा, ज्यावरची वेळ किंवा दर बदलला की तो रद्दी. तीनशे-चारशेंसाठी डिजिटल छपाई घ्या. तिला प्लेट लागत नाही. नग महाग पडेल, बिल लहान येईल आणि दुसऱ्या खेपेला मजकूर सुधारता येईल.

पैसे एकाच वेळी खर्च करू नका. पहिल्या खेपेला एक तृतीयांश घाला: शंभर पिशव्यांसाठी, दीडशे दुकानांच्या काउंटरांवर, उरलेली जवळच्या गल्लीत. दीड-दोन महिन्यांनी डबा उघडून अक्षरं मोजा. ज्या अक्षराची पत्रकं परत आली आहेत तिथे दुसरा तृतीयांश घाला. दारोदारची द अक्षराची पत्रकं दोन खेपांनंतरही तुमच्या भागाकाराच्या निम्म्यावर पोचली नाहीत, तर ती बंद करा. तसं झालं तर उरलेल्या पैशांतून दुकानाची पाटी करून घ्या. तुमच्या पत्रात पाटीचा कुठेच उल्लेख नाही. रस्त्याच्या पलीकडून वाचता येईल आणि शटर बंद असतानाही काम, वेळ आणि नंबर दिसेल अशी ती हवी.